नव्वदच्या आधीची चार अक्षरं

‘ई ई ई व्ही ९०’. अमेरिकन डेअरी गोट असोसिएशनच्या परीक्षकानं एखाद्या दुभत्या शेळीला दिलेला हा शेरा. वाचणारे बहुतेक ९० वर थांबतात. मला त्यातला सगळ्यात मुका शब्द तोच वाटतो.

बोलतात ती आधीची अक्षरं. क्रमानं अंगाची ठेवण, दुभतेपणा, पोटाचा आवाका आणि कास. शंभरात ठेवणीला ३५, कासेला ३५, दुभतेपणाला २०, आवाक्याला १०. ‘ई’ म्हणजे नव्वद किंवा वर, ‘व्ही’ म्हणजे ८५ ते ८९. आता शेजारी ‘व्ही व्ही ई ई ९०’ ठेवा. बेरीज तीच, शेळी वेगळी. पहिली उभी राहिली की बघत राहावं, पण उणं नेमकं कासेत. दुसरी ठेवणीत जरा मागे, कास मात्र अव्वल. दूध घालणाऱ्यानं दुसरीचाच कासरा धरावा.

याच पद्धतीत एकेका अवयवाला १ ते ५० आकडे असतात. इथं ५० म्हणजे पैकीच्या पैकी नव्हे! मागचे पाय बाजूनं पाहा: १ म्हणजे खांबासारखे ताठ, ५० म्हणजे विळ्यासारखे वाकलेले. चांगली शेळी मधेच कुठंतरी सापडते. सडाच्या जाडीचंही तसंच. फार बारीक सड चिमटीत ठरत नाही, फार जाड सड करडाच्या तोंडात मावत नाही. आकडा शाबासकी देत नाही, नुसतं वर्णन करतो.

दूध किती, हे मात्र या शेऱ्यात नाहीच. त्याची नोंद वेगळी मागावी लागते. आपल्याकडे पांढऱ्या सुरती शेळीला, जिला खानदेशीही म्हणतात, गिऱ्हाईक आधी तेच विचारतं: कितवं वेत, जुळी दिली का, दोन्ही वेळचं मिळून निघतं किती?

धुळ्याच्या बाजारात एकानं अशीच टम्म कासेची शेळी धरली होती. सकाळची धार मुद्दाम काढलेली नव्हती. म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं दात पाहिले, खाली बसून दोन्ही सड रिकामे होईतो पिळले आणि कास पुन्हा तळव्यावर तोलली. चांगली कास पिळल्यावर रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. ही तशीच घट्ट.

“मास शे, दूध नही,” म्हणत तो हात धोतराला पुसून पुढच्या दावणीकडे गेला.