विजासनचं लेणं आणि हातातली मेणबत्ती

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बौद्ध अवशेषांवर जे लिहिलं जातं, त्यात आम्हाला एक उणीव जाणवते. एक तर ते लेखन कालनिर्णयाचं असतं, म्हणजे शतक कोणतं, राजा कोणता. नाहीतर ते निव्वळ गौरवाचं असतं. मूर्तीसमोर उभा राहिलेला माणूस नेमकं काय करतो, हे दोन्हींतून निसटतं. आज तेवढंच बघू.

सुरुवात भद्रावतीपासून, म्हणजे जुन्या भांदकपासून. कनिंगहॅम १८७३-७४ च्या मध्य प्रांतातल्या दौऱ्यात इथे आले होते. ह्युएनत्संगाने पाहिलेल्या कोसलाची राजधानी भांदक की वैरागड, यावरही त्या काळी बरीच चर्चा झाली. पुढे अभ्यासकांचा कौल छत्तीसगडातल्या सिरपूरकडे गेला आणि भांदकचं महत्त्वच जणू कमी झालं. आता हे बघा, राजधानी गेली म्हणून लेणं कुठे जातं?

विजासनच्या टेकडीत सुमारे ७१ फूट लांबीची सरळ गल्ली आत कोरलेली आहे. तिच्या टोकाच्या दालनात बुद्धाची मोठी बैठी मूर्ती. तोंडाजवळूनच काटकोनात आणखी दोन गल्ल्या फुटतात. त्यांच्या टोकालाही दालन आणि मूर्ती. बस, एवढंच.

अजिंठा पाहून आलेला माणूस इथे हमखास निराश होतो. रंग नाहीत, जातककथा नाहीत. पण आमचं म्हणणं असं, की मोजमाप चुकतंय. अजिंठ्यात नजर भिंतीवर फिरते. इथे नजरेला दुसरं कामच नाही. अंधारात चालत जायचं, डोळे सरावले की समोरचा आकार हळूहळू उमटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालता येते. इथे सरळ जायचं, थांबायचं आणि त्याच वाटेनं परतायचं. तिन्ही मूर्तींना वंदन करायचं तर हे तीनदा. म्हणजे पूजेची वस्तू फक्त मूर्ती नाही, ती गल्लीसुद्धा आहे. शिल्प म्हणून मूर्ती साधी असेल, पण तिच्याकडे नेणारी वाट साधी नाही.

दुसरी वस्तू देवटेकची. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या या गावी एक शिळा सापडली. तिच्यावर प्राण्यांना पकडू नये, मारू नये असा अशोककालीन मानला गेलेला आदेश आहे, आणि त्याच दगडावर वाकाटक राजा रुद्रसेनाचा लेखही. वा. वि. मिराशींनी हे लेख वाचून मांडले. शिळा आता नागपूरच्या संग्रहालयात आहे. तिथे ती सुरक्षित आहे, हे खरंच. पण तिथे तिच्यासमोर कोणी फूल ठेवत नाही, आणि जंगलाच्या मुलखातला शिकारबंदीचा हुकूम जंगलापासून दूर कपाटापाशी वाचावा लागतो. जपणूक झाली, नातं सुटलं.

तिसरी वस्तू सगळ्यात लहान. १६ ऑक्टोबर १९५६ ला, म्हणजे नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत पांढऱ्या कपड्यांतली माणसं गावोगावहून, गडचिरोलीच्या आतल्या भागातूनही, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर येतात. जाताना पुस्तकं नेतात, बाबासाहेबांचा फोटो नेतात, बुद्धाची छोटी मूर्ती नेतात. काही समीक्षक या साच्यातल्या मूर्तींना कला मानत नाहीत. आम्हाला हा तुच्छभाव पटत नाही. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला खुद्द बाबासाहेबांनी रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली, तीही काही प्राचीन नव्हती. मूर्तीला वय नव्हतं, माणसांनी तिला अर्थ दिला. घरात पूर्वीच्या देव्हाऱ्याच्या जागी आलेल्या मूर्तीचं मोल कारागिरीवरून ठरवणं म्हणजे त्या घराचा निर्णयच न समजणं.

पण म्हणून सगळं क्षम्य, असंही नाही. बंदिस्त दगडी दालनात मेणबत्त्या आणि उदबत्त्या जाळल्या, तर काजळी छतावर आणि मूर्तीवर बसते. ती खरवडून काढायला गेलं की दगडही निघतो. यावर कुलूप लावा, असं म्हणणारे असतात. तसं केलं तर विजासनचंही देवटेक होईल. बोधगयेला दिव्यांसाठी मुख्य मंदिरापासून वेगळी दीपगृहं आहेत. दिवा लावणारा माणूस परतवला नाही, फक्त दिव्याची जागा बदलली. हाच तोडगा इथे चालावा. मेणबत्ती लेण्याच्या तोंडाशी, मोकळ्या हवेत लावायची. आत जाताना हातात फक्त फूल.

असं केलं तर आणखी एक गोष्ट परत मिळेल, तो अंधार. आत सगळीकडे लखलखाट केला, तर त्या ७१ फुटांचा अर्थच उरत नाही. त्यामुळे विजासनला जाल तेव्हा मोबाईलचा टॉर्च लगेच लावू नका. थोडं थांबा, डोळ्यांना वेळ द्या, मग पुढे चला.