'चंदू' आणि 'चॅम्पियन' यांच्या मधला माणूस

श्री. मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा कबीर खान दिग्दर्शित हिंदी चित्रपट 2024 साली प्रदर्शित झाला. सांगली जिल्ह्यातील हा मराठी जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. पुढे 1972 साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरलेल्या पॅरालिम्पिक स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत त्यांनी 37.33 सेकंदांत जिंकली. तो जागतिक विक्रम होता आणि पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्णपदक. ही कथा घरोघर पोहोचविणाऱ्या चित्रपटकर्त्यांचे ऋण मान्य करूनच आम्ही पुढील चार शब्द लिहीत आहोत.

चित्रपटाचे नावच मार्मिक आहे. 'चंदू' ही हेटाळणी, 'चॅम्पियन' हा गौरव. अपंग खेळाडूंकडे पाहणारी समाजाची दृष्टी अशाच दोन टोकांमध्ये हेलकावे खात असते : एक तर कीव, नाही तर चमत्कार. मधला खेळाडू दिसतच नाही. हा चित्रपटही या दोषातून पुरता सुटलेला नाही. कुस्ती, मुष्टियुद्ध, रणांगण आणि रुग्णालय यांत प्रेक्षक गुंततो, डोळे पुसतो. परंतु पोहण्याची विद्या त्याला फारशी उमगत नाही. पाय साथ देत नसता पाण्यात देहाचा तोल सांभाळणे, केवळ खांदे व बाहू यांच्या बळावर वेग साधणे, ही सरावाने कमावलेली कला आहे. अशा स्पर्धांत शरीराच्या क्षमतेनुसार वर्गवारी करतात, ती साधारण समान बळाच्या स्पर्धकांत कौशल्याने निर्णय लागावा म्हणून. ही सवलत नव्हे. 'जिद्द' या एका शब्दात सारे गुंडाळले, की हे कौशल्य नजरेआड होते.

वृद्ध नायक अर्जुन पुरस्कार मिळाला नाही म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवायला जातो, हा प्रसंग आम्हांस सर्वांत मोलाचा वाटला. हा मनुष्य दया मागत नाही, आपला हक्क मागतो. प्रत्यक्षात श्री. पेटकरांना 2018 साली पद्मश्री मिळाली. अर्जुन जीवनगौरव मात्र जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर आणि पदकानंतर तब्बल 52 वर्षांनी हाती आला.

योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील जन्मांध मनुष्य येथे आठवतो. शिष्यांना त्याच्या ठायी पापाचा प्रश्न दिसला, शेजाऱ्यांना भिकारी दिसला. दृष्टी आल्यावर तर हा तोच की दुसरा, याविषयी त्यांच्यात वाद झाला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

आपल्या धर्मग्रामांतही वेगळे काय घडते? अपंग बांधवांना वर्षातून एकदा वेदीजवळ बोलावून टाळ्या वाजविल्या जातात. पण चर्चच्या पायऱ्यांलगत चाकाच्या खुर्चीसाठी उतरण बांधण्याचा विषय निघाला, की निधीची अडचण पुढे येते.

चित्रपट सहकुटुंब अवश्य पाहावा. मात्र घरी परतल्यावर मुलांशी जखमेइतकेच त्या शर्यतीविषयीही बोलावे. आणि येत्या क्रीडा महोत्सवात धर्मग्रामातील अपंग मुलामुलींची नावे सत्कारमूर्तींच्या नव्हे, स्पर्धकांच्या यादीत लिहावीत.