रंग आपला, डाव कुणाचा?

माझ्या खोलीतल्या कालनिर्णयावर यंदा दोन तारखांना गोल केलेला आहे. 31 ऑक्टोबर 2026 ला त्र्यंबकेश्वरला आणि रामकुंडावर सिंहस्थाचं ध्वजारोहण, आणि 19 नोव्हेंबरला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो सहा’. पहिली तारीख हलणार नाही. गुरू सिंह राशीत जाताना कुणाकडे मुदतवाढ मागत नाही. दुसरीचं तसं नाही. हा गेम आधी 2025 मध्येच यायचा होता, मग 26 मे 2026 ठरली, मग नोव्हेंबर. पहिला ट्रेलर डिसेंबर 2023 मधला. तेव्हा दहावीला असलेली पोरं बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, मायामीच्या धर्तीवरचं ते शहर अजून उघडायचंच आहे.

मीही त्याच रांगेत उभा आहे, खोटं कशाला बोलू? पण वाट बघता बघता एक गोष्ट टोचायला लागली. पुणं आमच्या नाशिकपासून दोनशे किलोमीटर. तिथं गेल्या दहा वर्षांत जे गेम घडले, त्यांच्याबद्दल आमच्या कंपूत पाच मिनिटंही बोलणं होत नाही. झालंच तर एका वाक्यात निकाल: ‘ग्राफिक्स भारी, गेमप्ले नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आणि स्वतःही इतक्या वेळा फेकलं, की त्यात तथ्य किती आणि आळस किती, हे एकदा तपासून बघावंसं वाटलं.

आधी शब्दाचीच गंमत. आपल्याकडे ‘गेम’ बातमीत येतो तो व्यसन म्हणून, बंदी म्हणून नाहीतर रमी म्हणून. मुंबईच्या बोलीत तर गेम ‘वाजवतात’, म्हणजे माणूस उडवतात. जुलै 2025 मध्ये विधान परिषदेतला एक व्हिडिओ फिरला; त्यात सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं त्यांचं म्हणणं. पुढे खातं बदललं आणि मिळालं ते क्रीडा. शासनदरबारी गेमिंगला खेळाचा दर्जा मिळाला तो असा, हा विनोद नाशिकमध्ये बरेच दिवस पुरला. त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ बंद झाले, मुंबईच्या ड्रीम इलेव्हनलाही पैशांच्या स्पर्धा गुंडाळाव्या लागल्या, आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. जुगार आणि खेळ यांत कायद्यानं रेघ मारली. आमच्या घराघरांत मात्र अजून ती पडलेली नाही. पोरगं ‘हॉलो नाइट’ खेळत असलं तरी आजीला वाटतं, पैसे लावतंय.

जी कला बातमीत फक्त गुन्ह्यासारखी येते, तिची समीक्षा कोण लिहिणार? सिनेमाचंही कधीकाळी असंच होतं. आणि सिनेमाचं नाव काढलं की नाशिककराला फाळके आठवणारच. 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि आपले देव पडद्यावर का नकोत, असं त्यांच्या मनात आलं, ही गोष्ट शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे. आजचे भारतीय गेमवालेही हीच गोष्ट मोठ्या अभिमानानं सांगतात: पाश्चात्त्यांकडे थॉर आहे, ‘गॉड ऑफ वॉर’चा क्रेटॉस आहे, मग आपला हनुमान का नको? पण गोष्टीचा पुढचा भाग ते गाळतात. फाळके 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि हरिश्चंद्राला हात घालण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडं थोडं चित्रण करून, अंकुर फुटून वेल वर चढतो, एवढंच त्यांनी पडद्यावर दाखवलं. या यंत्राला काळ आकसवता येतो, हे त्यांना आधी नीट कळलं. देव नंतर आले. म्हणूनच पुढे नाशिकमध्ये बसून काढलेल्या त्यांच्या चित्रपटांत चमत्कार दिसतात ते चित्रपटाचे चमत्कार असतात, नाटकाच्या पडद्यावर रंगवलेले नव्हेत.

आपल्या गेममध्ये हा वाटाणा कुणी पेरला?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट 2020 मध्ये आला. त्याआधी 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी चिकाटीनं टिकली. शेवटी गेम आला तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे भारतात जे यंत्र कंपनी अधिकृतपणे विकतच नाही त्यावर. पुण्यात बनलेला गेम पुण्याच्या पोरांना खेळायला पीसी आणि प्लेस्टेशनवर येईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. निवेदन दुर्गा आणि विष्णू करतात, आणि गेम आला तेव्हा ते दोघेही इंग्रजीत बोलत होते. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या स्वतंत्र गेमसाठीच्या नामांकनात ‘राजी’ होता, हे विसरता कामा नये.

मी तो दोनदा पूर्ण केला. पहाडी लघुचित्रांचा रंगमेळ, राजस्थानी हवेल्यांचे सज्जे, छायाबाहुल्यांत सांगितलेल्या कथा. एखादी कमान ओलांडून राजी पुढे जाते आणि कॅमेरा हळूच मागे सरतो तेव्हा मी खरंच हात थांबवून बघत बसलो होतो. पण मारामारी सुरू झाली की मन ग्रीसला जातं. उडी, गिरकी, त्रिशूळ, पुन्हा गिरकी. हातांना जे कळतं ते ‘गॉड ऑफ वॉर’ आणि ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’कडून आलेलं. राजी ही डोंबाऱ्यासारखी कसरत करून पोट भरणारी मुलगी. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या कसरतवालीचं लढणं तोल, दोर, टाळ्या यांतून आलं असतं तर? खांबावर चढून झेप घेण्यात त्याची थोडी झलक दिसते. बाकी वेळ ती कुठल्याही योद्ध्यासारखी लढते. माझ्या मते ‘राजी’चं अपुरेपण इथं आहे, अचानक संपणाऱ्या कथेत नाही. पुढचा भाग, ‘राजी: कलियुग’, जाहीर झालाय. त्याच्या ट्रेलरमधल्या इमारतींकडे मी बघणार नाही, तिच्या पायांकडे बघणार आहे.

‘फौजी’ या मोबाइल गेमबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पब्जीवर 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली, दोन दिवसांत घोषणा झाली आणि 26 जानेवारीला गेम. तारीख प्रजासत्ताकाची आणि खेळ गल्लीतल्या धक्काबुक्कीचा. पुढचा ‘डॉमिनेशन’ पुण्याच्या डॉट नाइननं बनवला. तो बंदूक धरायला बरा आहे, पण बंदूक धरायला बरे असे गेम दहा आहेत.

सुपरगेमिंग या पुण्याच्याच कंपनीचा ‘इंडस’ मात्र उगाच हसण्यावारी नेला गेला, असं मला वाटतं. ऑक्टोबर 2024 मध्ये आला तेव्हा लोकांनी पोशाख पाहिले, मुखवटे पाहिले, ‘इंडो-फ्युचरिझम’ या शब्दाची टर उडवली. नियमाकडे कुणी बघितलंच नाही. बॅटल रॉयलमध्ये शेवटचा जिवंत राहील तो जिंकतो. ‘इंडस’मध्ये कॉस्मियम नावाची वस्तू हस्तगत करूनही डाव जिंकता येतो. म्हणजे झुडपात लपून बसणाऱ्याची पंचाईत. शेवटची पाच मिनिटं एरवी दबा धरण्याची असतात, इथं सगळ्यांना एकाच जागी यावं लागतं. सगळं अमृतकुंभाभोवती फिरतं, देव-दानवांसारखं. बनवणाऱ्यांच्या मनात ते होतं की नाही, कोण जाणे. नाशिकच्या माणसाला दुसरं काय आठवणार? भरजरी मुखवट्यांपेक्षा या एका नियमात जास्त आपलेपणा आहे. पण जाहिरात झाली मुखवट्यांची.

पुण्याचीच आणखी एक गोष्ट, जरा कडू. युबिसॉफ्टची पुण्यातली शाखा 2008 पासून आहे, मुंबईतली 2018 पासून. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवायचं काम या दोघींना मिळालं, तेव्हा सप्टेंबर 2020 मध्ये आम्ही पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. पहिला ट्रेलर पाहून जगानं नाकं मुरडली. तारखा सरकत गेल्या, मे 2022 मध्ये काम माँट्रियलला गेलं आणि जानेवारी 2026 मध्ये अख्खा प्रकल्पच रद्द झाला. दोष कुणाचा, हे बाहेरून सांगता येणार नाही. मोठ्या गेमच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत मराठी आडनावं शोधायची माझी जुनी खोड आहे. ती सापडतात, बहुतेक चाचणी, मॉडेल, प्रकाशयोजना अशा विभागांत. भिंत आपण बांधतो, नकाशा दुसरीकडून येतो. राज्य सरकारनं सप्टेंबर 2025 मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केलं, मुंबईत क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची नवी संस्थाही सुरू झाली. तिथून नकाशे काढणारे निघतील की आणखी चांगले गवंडी, हे पाहायचं.

दरम्यान आपला इतिहास-भूगोल परके लोक वापरून मोकळे. मराठे म्हणून खेळण्याचा पहिला थरार माझ्या पिढीला दिला तो 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’नं, आणि तो बनला इंग्लंडात. 2017 च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’त तर कॅलिफोर्नियातल्या लोकांनी पश्चिम घाटात जीप फिरवली. अंजनेरी, हरिहर चढलेला माणूस ते पाहून आधी हरखतो आणि मग चडफडतो: असा ओला कातळ आम्ही दर पावसाळ्यात घसरून अनुभवतो, आणि गेम त्यांचा!

‘पैसा नाही’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. 2025 चा सर्वोत्कृष्ट गेम ठरलेला ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन 33’ पॅरिसमध्ये बनलेला नाही, तो माँपेलिए या दक्षिणेतल्या शहरात, तीसेक माणसांच्या मूळ चमूनं बनवला. त्याचा संस्थापक आधी युबिसॉफ्टमध्येच नोकरीला होता. त्या गेममध्ये दरवर्षी एक आकडा रंगवला जातो आणि त्या वयाची माणसं विरून जातात. या एका कल्पनेवर सगळा डोलारा उभा आहे. ‘सिल्कसाँग’ बनवणारे तर तिघंच मुख्य, ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमधले. आणि ‘वेन्बा’? टोरंटोतल्या तमिळ मंडळींनी 2023 मध्ये केलेला, दोन तासांत संपणारा स्वयंपाकाचा गेम. आईच्या वहीतली पाककृती अर्धी पुसली गेली आहे. कुठला जिन्नस आधी, कुठला नंतर, हे अंदाजानं भरून काढायचं. इडलीचे थर चुकले की पुन्हा. परदेशात भाषा विसरत चाललेल्या घराचं दुःख तिथं कुणी बोलून दाखवत नाही, ते त्या वहीच्या पुसट अक्षरांत हाताला लागतं. न्यू जर्सीत, लंडनमध्ये किती मराठी घरं आहेत! कुणाच्याच आजीची वही फाटलेली नाही?

नियमात अर्थ भरणं आपल्याला नवीन आहे असंही नाही. मोक्षपट हा खेळ परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर घालते. त्यांचे गुरू आणि थोरले बंधू निवृत्तिनाथ यांची समाधी इथं त्र्यंबकेश्वरलाच आहे. त्या पटावर शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. पुढे इंग्रजांनी तो उचलला, अर्थ झाडून टाकला आणि पोरांसाठी सापशिडी उरली. आज आपण नेमकं उलटं करतोय: त्यांची सापशिडी घेतो आणि तिच्यावर आपला अर्थ रंगवतो. रंग वाळला की खाली त्यांचाच पट.

आशेला जागा नाही असं मात्र नाही. मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओच्या ‘मुक्ती’कडे माझं लक्ष आहे: मानवी तस्करीचा विषय आणि एक वस्तुसंग्रहालय. वस्तू उचलून, फिरवून, बघून गोष्ट कळत जाते. सोनीच्या इंडिया हिरो प्रोजेक्टमधला ‘सुरी: द सेव्हन्थ नोट’ उड्यांना तालाशी बांधतो. या दोन्हींत देव नाहीत, सेलिब्रिटी नाहीत. हात काय करतो, याचा विचार आधी केलेला आहे.

आणि माझी स्वतःची हाव सांगायची तर सिंहस्थाचा गेम. तलवारी-राक्षस काही नको. पंचवटीचे बोळ, गोदाघाट, आखाड्यांचा ठरलेला क्रम, 2 ऑगस्ट 2027 चं पहिलं अमृतस्नान, आणि लाखो माणसं. खेळणाऱ्यानं फक्त रस्ते उघडायचे आणि बंद करायचे. कुठे दोर लावायचा, कुठली मिरवणूक किती वेळ रोखायची, हरवलेल्या म्हाताऱ्यांना कुठे बसवायचं. 2003 मध्ये सरदार चौकात झालेली चेंगराचेंगरी ज्यांना आठवते, त्यांना या गेममध्ये हरणं म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागणार नाही. गर्दीचा असा गेम बनवायला नाशिकइतकं योग्य गाव जगात दुसरं असेल, असं मला वाटत नाही. चिनी ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’च्या तीन दिवसांत एक कोटी प्रती खपल्या आणि त्यात दिसलेली शान्शी प्रांतातली देवळं बघायला पर्यटकांची रीघ लागली, आपल्याला ती काळजी नाही, आपल्याकडे रीघ आधीच ठरलेली आहे.

गेल्या रविवारी पांडवलेण्यांवर गेलो होतो. पायथ्याशी फाळके स्मारक, वर त्रिरश्मी डोंगरातली चोवीस लेणी. या लेण्यांत कातळात कोरलेले जुने खेळपट आढळले आहेत. खळग्यांच्या दोन रांगा, सोंगट्या किंवा चिंचोके फिरवायला. ऊन उतरेपर्यंत मी एका लेण्याच्या सावलीत बसून होतो. पायऱ्यांवर चार पोरं बीजीएमआय या मोबाइल गेमची रूम लावून बसली होती, एकाला रेंज मिळेना म्हणून तिघं खोळंबले होते. तो फोन उंच धरून उठला आणि आत, विहाराच्या अंधाराकडे सरकला. ‘अरे, तिकडे तर अजिबातच नाही येणार,’ मागून एकजण ओरडला.