डार्विनची पत्रे : घरी बसून पाहिलेले जग

पाठ्यपुस्तकात डार्विन भेटतो तो ‘बीगल’ जहाजावर. तो प्रवास १८३६ साली संपला. त्यानंतर १८८२ साली मृत्यू येईपर्यंत डार्विन ब्रिटनबाहेर गेलाच नाही. मग जगभरातील माहिती त्याला मिळाली कशी? याचे उत्तर केंब्रिजने १९८५ पासून प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पत्रव्यवहाराच्या ३० खंडांत सापडते. सुमारे १५ हजार पत्रे आणि जवळजवळ २ हजार माणसे!

या संग्रहाचे मोठे गुण दोन. डार्विनने लिहिलेल्या पत्रांबरोबर त्याला आलेली पत्रेही येथे छापली आहेत. त्यामुळे विचार दोघांच्या बोलण्यातून कसा घडतो, ते दिसते. दुसरे म्हणजे, येथे केवळ नामवंत शास्त्रज्ञ नाहीत. कबुतरे पाळणारे आहेत, माळी आहेत. कोलकात्याच्या संग्रहालयातून भारतातील प्राण्यांविषयी लिहिणारा एडवर्ड ब्लाइथ आहे. ब्राझीलमध्ये गणित शिकवणारा फ्रिट्झ म्युलर आहे. डार्विन आणि म्युलर यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. मैत्री मात्र शेवटपर्यंत टिकली.

शिक्षकांनी मुद्दाम पाहावी ती १८६७ सालची प्रश्नावली. आश्चर्य वाटले की डोळे आणि तोंड विस्फारते का? शरमेने चेहरा लाल होतो का? असे १६ प्रश्न डार्विनने देशोदेशी पाठवले. आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहिलेले लिहा, अशी त्याची विनंती होती. उत्तरे आली ३६.

पण येथेच या पत्रविश्वाची मर्यादाही उघड होते. उत्तरे लिहिणारे बहुतेक मिशनरी, अधिकारी आणि वसाहतींत राहणारे युरोपीय होते. ज्यांचे चेहरे पाहिले गेले, ती माणसे स्वतः क्वचितच बोलतात. दुसरी उणीव डार्विननेच निर्माण केली. पत्रे अडकवायच्या तारा भरल्या की तो जुनी पत्रे जाळून टाकी. त्यामुळे १८६२ पूर्वी त्याला आलेली बहुतेक पत्रे नष्ट झाली.

तरीही वर्गात वापरावा असा हा संग्रह आहे. विज्ञान म्हणजे एकट्या बुद्धिमान माणसाला सुचलेली कल्पना, हा समज त्यातून दूर होतो. नेमका प्रश्न विचारला, तर अनोळखी माणूसही आपले जग आपल्यापुढे उघडून ठेवतो. मात्र उत्तर कोणी दिले, आणि कोणाला विचारलेच नाही, हेही विद्यार्थ्यांनी तपासायला शिकले पाहिजे.