दुःख नायकाचं, भोग गावाचे

२०२१ साली आलेल्या ‘वांडाव्हिजन’ या मालिकेच्या शेवटच्या भागात नायिका वांडा वेस्टव्ह्यू गावातून चालत निघते. जोडीदार व्हिजनच्या मृत्यूचं दुःख सोसवेना म्हणून तिने जादूने अख्खं गाव वेठीला धरलेलं असतं. जुन्या टीव्ही मालिकांमधली पात्रं करून तिने माणसांना नाचवलेलं असतं. झोपेतही त्यांची सुटका नव्हती, त्यांना स्वप्नं पडत ती तिचीच. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला निदान खोलीबाहेर तरी येऊ दे, म्हणून एक बाई तिच्यापुढे गयावया करते. आता जादू उतरली आहे आणि गावकरी तिच्याकडे रोखून बघताहेत. अशा वेळी मोनिका रॅम्बो तिला काय सांगते? तू यांच्यासाठी केवढा त्याग केलास, हे यांना कधीच कळायचं नाही. वांडा उडून जाते.

त्याआधीचे आठ भाग शोकाचं जे चित्र रंगवतात, ते खरोखर उत्तम आहे. म्हणूनच हा शेवट जास्त खटकतो. नायकाच्या मनाची जखम बारकाईने दाखवायला सुपरहिरोंच्या गोष्टी आता शिकल्या आहेत. त्या जखमेपायी दुसऱ्यांना जे भोगावं लागलं, त्याचा हिशोब मांडायची वेळ आली, की मात्र त्या काखा वर करतात.

या गोष्टींना हा हिशोब पूर्वी जमत असे. १९७३ सालचा ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चा १२१वा अंक घ्या. ग्रीन गॉब्लिन स्पायडर-मॅनच्या, म्हणजे पीटरच्या, प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली पाडतो. (मजकुरात हा जॉर्ज वॉशिंग्टन पूल आहे, चित्रात मात्र सरळसरळ ब्रुकलिनचा.) पीटर जाळं सोडून तिला वरच्यावर झेलतो. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असं छापलेलं आहे. पानं भराभर उलटणाऱ्याच्या ते नजरेतून निसटावं, इतकं बारीक. ती वाचवणाऱ्याच्याच झटक्याने गेली. लेखक गेरी कॉनवे आणि चित्रकार गिल केन यांनी पीटरला रडू दिलं, पण रडतो आहे म्हणून सोडून दिलं नाही.

खलनायकांच्या वाट्याला मात्र वेडाचा शिक्का आला. १९७४मध्ये ‘बॅटमॅन’मध्ये अर्कम हे मनोरुग्णालय आलं आणि तेव्हापासून ते तुरुंगासारखंच वापरलं गेलं, बरा होऊन बाहेर पडलेला रुग्ण तिथे शोधावाच लागतो. ‘द किलिंग जोक’मध्ये (१९८८) जोकर बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो ती तिच्या वडिलांना वेड लागावं म्हणून. ती स्वतः त्या पुस्तकात जवळजवळ नाहीच. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल यांनी तिला पुढे ऑरॅकल केलं, चाकाच्या खुर्चीतून अख्खी यंत्रणा हलवणारी बाई केलं, तेव्हा कुठे तिची जखम तिच्या मालकीची झाली.

पडद्यावर ‘आयर्न मॅन ३’ने (२०१३) टोनी स्टार्कला भर हॉटेलात पॅनिक अटॅक आणला, ही हिंमतच होती. पण सहा वर्षांनी ‘एंडगेम’मध्ये थॉर पाच वर्षं दारूत बुडालेला दिसतो आणि चित्रपटाला सुचतात ते त्याच्या पोटावरचे विनोद. आईला भेटल्यावर तो हंबरडा फोडेल असं वाटावं इतका प्रसंग चांगला लिहिलाय, आणि तिचा निरोपसुद्धा त्याच्या जेवणाच्या टोमण्यावर येऊन संपतो.

माझ्या मते दोन्ही बाजू सांभाळल्या त्या २०१५च्या ‘जेसिका जोन्स’ने. दुसऱ्याच्या मनावर हुकूम चालवणाऱ्या किलग्रेव्हच्या तावडीतून जेसिका सुटली आहे. भीती दाटून आली, की ती लहानपणच्या घराजवळच्या रस्त्यांची नावं पुटपुटते. त्याच्या हुकमाने तिच्या हातून एक खून झाला आहे, आणि त्यात ज्याची बायको मेली त्या ल्यूक केजपुढे तिला उभं राहावं लागतं. किलग्रेव्ह आपल्या बालपणीच्या छळाचं गाऱ्हाणं घेऊन येतो, तेव्हा ती त्याला सुनावते, की आईबाप माझेही मेले, म्हणून मी कुणावर बलात्कार करत सुटले नाही. शिवाय त्याने छळलेली इतर माणसं इथे एकत्र जमतात, बोलतात. त्यांना नावं आहेत.

आपल्याकडे हे सर्वांत जवळून हाताळलं ते मल्याळम ‘मिन्नल मुरली’ने (२०२१). बासिल जोसेफ यांच्या या चित्रपटात एकाच विजेने दोघांना शक्ती मिळते, शिंपी जेसनला आणि चहाच्या दुकानात राबणाऱ्या शिबूला. गावाने शिबूला आयुष्यभर वेडा ठरवलेलं. गुरू सोमसुंदरम यांनी तो असा उभा केलाय, की त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती उषा त्याला होकार देते तेव्हा त्याचं हसू-रडू एकदमच फुटतं आणि त्याने केलेले खून क्षणभर आपण विसरतो. चित्रपट ते विसरत नाही. पण गावकऱ्यांनी लावलेल्या आगीत उषा आणि तिची मुलगी जळून मरतात, त्याचं काय? जेसन गाव वाचवतो, गाव टाळ्या वाजवतं. आग लावणारे हातही त्याच टाळ्यांत असणार.

२०२५च्या ‘थंडरबोल्ट्स’ने नैराश्याला थेट खलनायकाच्या जागी बसवलं. त्यातल्या बॉब नावाच्या तरुणाच्या मनातला अंधार न्यूयॉर्कमधल्या माणसांच्या नुसत्या सावल्या करून टाकतो. त्याला हाणून पाडता येत नाही, मिठीत घ्यावं लागतं, ही कल्पना चांगलीच आहे. पण अंधार ओसरताच सगळे जसेच्या तसे परततात आणि बॉबला काही आठवतही नाही. सावल्या झालेल्यांना त्या काळोखात काय काय पुन्हा बघावं लागलं, हे त्यांना कुणी विचारत नाही. तोवर पत्रकार परिषद सुरू झालेली असते आणि नायकांच्या संघाला नवं नावही मिळालेलं असतं.