परिणामकारकता नेमकी कुणाची मोजली? शिक्षक-प्रशिक्षणावरच्या एका साच्याविषयी

सिनॉप्सिसच्या तयारीसाठी तुम्ही ग्रंथालयात जुने प्रबंध चाळले असतील, तर हे शीर्षक थोड्याफार फरकाने नजरेखालून गेलं असणार: ‘अमुक जिल्ह्यातील शिक्षकांसाठी विविध क्षमतांच्या विद्यार्थ्यांच्या अध्यापनाबाबत प्रशिक्षण कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ अमुकच्या जागी सातारा घाला, सांगली घाला. दोन्ही जिल्हे कोल्हापूरसोबत शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे आपल्याकडे ही जोडी फार चालते. इथे मला कुणा एकाच्या प्रबंधावर लिहायचं नाहीये. लिहायचंय ते साच्यावर, कारण तुमच्यापैकी काही जण यंदा हाच साचा घेऊन आरआरसीपुढे उभे राहणार आहात.

साचा असा. सोयीस्कर नमुना म्हणून ४० शिक्षक घ्यायचे. पूर्वचाचणी घ्यायची. तीन किंवा पाच दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं. शेवटच्या दिवशी चहाच्या आधी उत्तरचाचणी. समजा, सरासरी १४ वरून २१ वर गेली, टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थ आलं, शून्य परिकल्पनेचा त्याग झाला. निष्कर्ष: कार्यक्रम परिणामकारक आहे. शिफारस: असे कार्यक्रम सर्वत्र राबवावेत.

आता तुम्हीच सांगा, यात मूल कुठे आहे?

चाचणीत प्रश्न असतो ‘विभेदित अध्यापनाची वैशिष्ट्ये कोणती?’ किंवा ‘दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे किती प्रकार आहेत?’ सोमवारी २१ हे उत्तर सांगितलं आणि बुधवारी विचारलं, तर ते येणारच. ते आलं नसतं तर खरी बातमी झाली असती. पण २१ प्रकारांची यादी पाठ असलेले गुरुजी गुरुवारी शाळेत गेल्यावर, मागच्या रांगेत बसून फळ्यावरचं न दिसणाऱ्या मुलीसाठी काय वेगळं करतात, हे या आराखड्यात कुठेच मोजलं जात नाही. थॉमस गस्की या अमेरिकन अभ्यासकाने प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: शिक्षकांना ते आवडलं का, त्यांना कळलं का, शाळेने साथ दिली का, वर्गात वापरलं का, आणि मुलांमध्ये फरक पडला का. आपला साचा दुसऱ्या पायरीवर थांबतो आणि शीर्षकात पाचवीचा दावा करतो. माझी मुख्य तक्रार हीच आहे. नमुना लहान, वेळ कमी, हे सगळं समजून घेता येतं. जे मोजलंच नाही त्याचा निष्कर्ष मात्र समजून घेता येत नाही.

दुसरी तक्रार ‘विविध’ या शब्दाबद्दल. बऱ्याच प्रबंधांत विविधता म्हणजे अध्ययनशैली: दृक्, श्राव्य, गतिसंवेदी. प्रश्नावली द्यायची, मुलांचे तीन गट पाडायचे, आणि प्रत्येकाला ‘त्याच्या शैलीत’ शिकवायचं. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. शैलीशी जुळवून शिकवल्याने मूल जास्त शिकतं, या दाव्याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. तरी आपल्या दुसऱ्या प्रकरणात, म्हणजे संबंधित साहित्याच्या आढाव्यात, हा आढावा सहसा नसतो. का, ते तुम्हाला माहीत आहे. जुन्या प्रबंधातला आढावा नव्या प्रबंधात येतो, आणि त्यात जे नव्हतं ते पुढेही येत नाही.

आणि गंमत म्हणजे, या दोन जिल्ह्यांत विविधता शोधायला प्रश्नावलीची गरजच नाही. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारी मुलं आहेत. तिथे जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत, आणि मराठी शाळेत बसलेलं कन्नड घरातलं मूलही आहे. खानापूर-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं देशभर पसरली आहेत. त्यांचं मूल एखाद्या वर्षी परराज्यातल्या शाळेतून उठून गावातल्या वर्गात येतं. कऱ्हाड-वाळव्याच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुलं येतात आणि हंगाम संपताच जातात. माण तालुक्यातल्या मेंढपाळ कुटुंबांची मुलं चाऱ्यामागे फिरतात. जावळी-पाटणच्या डोंगरात दोनशिक्षकी शाळा, म्हणजे एका गुरुजींसमोर दोन-तीन इयत्ता एकत्र. तिथे ‘विभेदित अध्यापन’ हा शब्द न ऐकताही गुरुजी ते रोज करत असतात, बरं किंवा वाईट. मग नमुन्याच्या वर्णनात आपण ‘ग्रामीण १८, शहरी २२’ एवढंच लिहून मोकळे होतो, हे कसं?

आता साताऱ्याच्याच एका उदाहरणाकडे येऊ. या विषयावर काम करणाऱ्याने ते टाळून चालणार नाही.

सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट. बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा समूह. तिथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं: मुलं गटात, हातात साहित्य, प्रत्येक जण आपल्या गतीने पुढे जाणारा, आणि शिक्षक फळ्यापाशी कमी, मुलांमध्ये जास्त. २०१५च्या आसपास राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या कुमठ्याकडे वळू लागल्या. २२ जून २०१५ रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला, आणि त्या वातावरणात कुमठे हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव होतं.

संशोधक म्हणून यात बघण्यासारखं काय आहे? गस्कीचाच १९८६चा एक लेख आहे. आपण समजतो की प्रशिक्षणाने आधी शिक्षकाची धारणा बदलते, मग तो वर्गात वेगळं वागतो, मग मुलं शिकतात. गस्की हा क्रम फिरवतो. त्याच्या मते शिक्षक आधी काहीतरी करून बघतो, मुलं शिकताना दिसतात, आणि धारणा सगळ्यांत शेवटी बदलते. कुमठ्याच्या भेटींत नेमकं हेच बळ होतं. ‘आमच्याकडच्या मुलांना जमणार नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकाला तसल्याच जिल्हा परिषद शाळेतली, तसल्याच घरांतली मुलं काम करताना दिसत होती. पाच दिवसांच्या व्याख्यानापेक्षा ही एक सकाळ भारी पडत असेल, तर ते समजण्यासारखं आहे. (आणि म्हणूनच शेवटच्या दिवशी धारणा मोजणारी आपली अभिवृत्ती मापिका चुकीच्या वेळी लावलेली असते.)

पण भेटीत दिसतो तो परिणाम. त्यामागची वर्षं दिसत नाहीत. अधिकारी पुन्हा पुन्हा वर्गात येऊन बसणं, शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहणं, फसलेलं साहित्य टाकून नवं करणं, हे एका सकाळी डोळ्यांना कसं दिसेल? डोळ्यांना दिसली ती रंगवलेली फरशी. मग गावोगावच्या शाळांच्या फरशा रंगल्या. फरशी रंगवणं वाईट नाही, लहान मुलांना तिच्यावर बसून खेळत शिकायला आवडतंही. पण फरशीवर अख्ख्या वर्गाला एकच कृती एकाच वेळी दिली, तर तो फळाच झाला, फक्त आडवा.

इथे एक चांगला प्रश्न दडलाय: भेट देऊन आलेल्या शिक्षकाने काय उचललं, काय सोडलं, आणि का? याला टी-टेस्ट लागत नाही. सहा शाळा आणि वर्षभर वर्गात बसण्याची तयारी लागते.

‘का’ या भागाबद्दल थोडं बाहेरचं सांगते. बॅनर्जी, डफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि इतरांनी ‘प्रथम’ संस्थेच्या पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीवर अनेक राज्यांत प्रयोग केले. २०१७ साली त्यांचा एकत्रित लेख आला. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर नेहमीच्या शाळेत मुलांच्या वाचनात म्हणावा असा फरक पडला नाही. पण २००८च्या उन्हाळी शिबिरात सरकारी शिक्षकांनीच शिकवलं तेव्हा फरक पडला. म्हणजे शिक्षकांना पद्धत जमत नव्हती असं नाही. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, इयत्तेचं पुस्तक असतं, आणि पद्धत बाजूला पडते. पुढे हरियाणात रोजचा एक तास यासाठी राखून ठेवला, मुलांना इयत्तेऐवजी पातळीनुसार बसवलं, आणि पर्यवेक्षकांनी इतरांना शिकवण्याआधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिलं. तिथे भाषेत सुधारणा दिसली.

हे वाचून झाल्यावर आपल्या साच्याकडे परत या. ‘प्रशिक्षण’ हा एकच स्वाश्रयी चल धरून बसलेल्या अभ्यासाला वेळापत्रक, पुस्तक, पर्यवेक्षण यातलं काहीच दिसत नाही. परिणाम आला नाही तर दोष शिक्षकाचा, आणि शिफारस काय, तर आणखी प्रशिक्षण! पाचव्या प्रकरणातली ही शिफारस वाचून मला तरी आता राग येतो, कारण त्या शिक्षकाचे आणखी पाच दिवस जातात आणि जतच्या मुलीचं पुस्तक तेच राहतं.

उलट्या दिशेने सुरुवात कशी करता येते हे फलटणमध्ये दिसतं. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून आल्या आणि फलटणच्या झाल्या. १९७३ सालची त्यांची पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातली पीएच.डी. फलटणच्या मराठी बोलीतल्या सामाजिक स्तरांवर आहे. कोण कसं बोलतं हे आधी नोंदवलं; प्रगत शिक्षण संस्था, कमला निंबकर बालभवन, प्रगत वाचन पद्धती हे पुढचं काम. त्या पद्धतीत अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. छोट्या गटांनी येतात, म्हणजे मुलाला त्यातून लगेच आपल्या ओळखीचे शब्द करता येतात. शिकणारा आधी नीट पाहिला, म्हणून अध्यापन कुठे वाकवायचं ते कळलं. सातारा जिल्ह्याची डाएटही फलटणलाच आहे, तेव्हा तिकडे गेलात तर दोन्ही कामं एका फेरीत होतील.

तुमचे गाईड म्हणतील, ‘हे सगळं ठीक, पण प्रायोगिक अभ्यास हवा.’ हरकत नाही, करा. मात्र दोन गोष्टी सांभाळा. एक, केंद्र हे एकक धरा. एका केंद्रातले शिक्षक महिन्याच्या शिक्षण परिषदेत एकत्र बसतात. त्यातल्या निम्म्यांना प्रायोगिक आणि निम्म्यांना नियंत्रित गटात टाकलंत, तर तुमचं प्रशिक्षण पुढच्याच परिषदेत चहाबरोबर सगळ्यांपर्यंत पोचेल. आणि ४० शिक्षकांची प्रत्येकी ३० मुलं म्हणजे १२०० स्वतंत्र नोंदी होत नाहीत. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात, विश्लेषणात ते धरावंच लागतं. नाहीतर ०.०५ च्या त्या तारांकित आकड्याला अर्थ राहत नाही.

दोन, मोजायचं कधी. शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचा अर्ज आपण जूनमध्ये करतो, ऑगस्टमध्ये पूर्वचाचणी, दिवाळीआधी उत्तरचाचणी, कारण जानेवारीनंतर शाळा परीक्षा आणि स्नेहसंमेलनांत अडकतात. कऱ्हाड-वाळव्यात हे वेळापत्रक लावलंत, तर ऊसतोडीची मुलं तुमच्या नमुन्यात येतच नाहीत. ती दिवाळीच्या आगेमागे येतात. त्या पट्ट्यात काम करायचं असेल तर वर्गनिरीक्षण डिसेंबर-जानेवारीत ठेवा, आणि अर्जात तसं कारण लिहा. मुख्याध्यापकांना त्या दिवसांत वेळ नसतो, पण वर्गात मागे बसायला तुम्हाला त्यांचा वेळ नको, एक सतरंजी पुरते.