मागणीची भाषा आणि कारभाराची भाषा

सशस्त्र चळवळ निवडणूक जिंकून सत्तेवर येते तेव्हा तिच्या शब्दांचे काय होते, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे. या दृष्टीने नेपाळमधील माओवाद्यांचे उदाहरण आपणांस जवळचे वाटावे. तेथील राजकीय शब्दकळा आपल्याच लिपीतली. 'जनयुद्ध', 'समायोजन', फार काय, 'राजीनामा' हा शब्दही नेपाळीत तसाच चालतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये बाबुराम भट्टराई यांनी सरकारला ४० मागण्यांचे निवेदन दिले; नऊ दिवसांनी युद्ध सुरू झाले. भारताबरोबरचा १९५० चा करार रद्द व्हावा, ही त्यांतील एक प्रमुख मागणी. मागणीच्या वाक्यरचनेत मोठी सोय असते: करावयाचे ते दुसऱ्याने. एप्रिल २००८ च्या निवडणुकीत हाच पक्ष सर्वांत मोठा ठरला. ऑगस्टमध्ये प्रचंड पंतप्रधान व भट्टराई अर्थमंत्री झाले, आणि वाक्याला कर्ता पुरविण्याची पाळी त्यांच्यावर आली. वृद्धभत्त्याची वयोमर्यादा ७५ वरून ७० वर आणली, तेथे तो कर्ता स्पष्ट दिसतो. १९५० चा करार मात्र जागेवरच राहिला.

परंतु खरी कसोटी एका विशेषणाने लागली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पडताळणीत २००७ साली १९,६०२ लढवय्ये ग्राह्य ठरले व ४,००८ 'अयोग्य'. या अयोग्यांपैकी २,९७३ जण अल्पवयीन होते. 'अल्पवयीन' म्हटले की भरती करणाऱ्याकडे बोट जाते; 'अयोग्य' म्हटले की दोष मुलाच्या माथी बसतो. (हा शेरा आम्हां शिक्षकांच्या लेखणीतूनही फार सहज उतरतो.) ज्या पक्षाने ही मुले छावणीत आणली, त्याच्याकडे जवळजवळ नऊ महिने राज्य होते. तेवढ्या काळात ती छावणीतच राहिली. त्यांची सुटका सुरू झाली ती जानेवारी २०१० मध्ये.

तत्पूर्वी सेनापती कटवाल यांच्या बडतर्फीला राष्ट्रपतींनी अटकाव केल्यावर ४ मे २००९ रोजी प्रचंडांनी राजीनामा दिला. 'नागरिक सर्वोच्चता' हे पक्षाचे घोषवाक्य झाले. तत्त्व निःसंशय योग्य आहे. सेनेने लोकनियुक्त सरकारचे ऐकलेच पाहिजे. तथापि स्वतःच्या छावणीतील मुलांना घरी पाठविण्यास कोणत्या सेनापतीची संमती लागत होती, याचे उत्तर त्या घोषणेत सापडत नाही.

पुढे प्रचंड २०१६ व २०२२ मध्ये पुन्हा पंतप्रधान झाले. छावणीतून काढलेली ती मुले आता प्रौढ आहेत. 'अयोग्य' हा शेरा पुसावा, भरपाई मिळावी, अशी निवेदने घेऊन ती आपल्याच जुन्या नेत्यांच्या दारी जात राहिली.